मी वर जातो

ती घटना आठवली की आजही आधी लाज वाटते, आणि मग थोड्या वेळाने हसू येते. हा क्रम कधी बदलला नाही. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, अपघात पुष्कळ पाहिले, पण कोणी एखादी केस सांगा म्हटले की माझ्या तोंडी हीच येते. हिच्यात गुन्हा नव्हता आणि आरोपीही नव्हता. चुकला असेल तर एकच माणूस चुकला होता, आणि तो मी होतो.

आधी माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. माझे वडील जहाजावर फिटर होते. एकदा सिअ‍ॅटलला उतरले ते तिथल्याच गोदीत कामाला लागले. मी अकरा वर्षांचा असताना आई मला घेऊन रत्नागिरीहून तिथे आली. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढले नव्हते. मीही शाळा संपवून आधी नोकरी धरली. वॉशिंग्टन राज्यातच, पण डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला, जंगल जास्त आणि माणसे कमी अशा एका काउंटीत शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी, म्हणजे साधा पोलीस, झालो. शेरीफचे ऑफिस म्हणजे आपल्या हिशेबाने तालुक्याचे पोलीस ठाणे. सव्विसाव्या वर्षी धीर करून कम्युनिटी कॉलेजात नाव घातले. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्दी उतरवून बाकावर बसायचो. ऐंशीच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांची ही गोष्ट.

ठाण्यात त्यामुळे माझे नाव 'कॉलेज' पडले. ते सार्जंटने ठेवले होते. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. 'कॉलेज, कॉफी संपली,' 'कॉलेज, पुस्तकात काय लिहिलंय, दार आतून उघडायचं की बाहेरून?' असे चालायचे. राग येत नसे असे म्हणणार नाही, पण त्याच्या हाताखाली काम शिकलो हेही खरे.

त्या वर्षी मला रिपोर्ट लिहिण्याचा विषय होता. शिकवणाऱ्या बाई एकच गोष्ट परत परत सांगायच्या. जे दिसले ते लिहा, जे ऐकले ते लिहा, जे वाटले ते लिहू नका. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. लिहून ठेवणे आणि शिकणे यांत अंतर असते, ते पुढे कळले.

ऑक्टोबरचा मध्य होता आणि वार शुक्रवार. सकाळी हजेरी झाली, आदल्या पाळीच्या नोंदी वाचून झाल्या, आणि मी गाडीतले साहित्य तपासत होतो, तेवढ्यात डिस्पॅचच्या, म्हणजे फोन घेऊन गाड्या पाठवणाऱ्या, बाईंनी हाक मारली. डोंगरात सुट्टीला येणारे तंबू आणि गाड्या लावून राहतात त्या कँपग्राउंडच्या केअरटेकरचा फोन होता. हा मनुष्य पूर्वी लाकूडतोडीच्या कामावर होता. सीझन संपला की स्वतःच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहून त्या सरकारी जागेची राखण करायचा. तिथे फोन नव्हता. चौदा मैल गाडी हाकून तो दुकानापर्यंत आला होता, म्हणजे त्याच्या दृष्टीने गोष्ट मोठीच असणार. त्याची खबर अशी की एका मोटरहोममध्ये, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, आदल्या दिवसापासून हालचाल नाही, आणि तिच्या पुढच्या काचेला आतून रशियन भाषेतली चिठ्ठी चिकटवलेली आहे.

त्या काळात आमच्याकडे न कळणारे ते सगळे रशियनच असायचे. सार्जंटने वर न बघता सांगितले, "कॉलेज, तू जा. रशियन नसलास तरी परदेशी तर आहेस."

दीड तासाचा रस्ता होता, शेवटचे बारा मैल कच्चे. उन्हाळ्यात त्या कँपग्राउंडवर जागा मिळायची नाही. पोरे, कुत्री, तळणाचे वास, तळ्यावर होड्या. सीझन संपला की सरकार नळ बंद करते, नाहीतर थंडीने पाइप फुटतात. बाकडी एकावर एक रचून साखळीने बांधलेली. फी टाकायच्या पेटीवर प्लास्टिकची पिशवी. पायवाटेच्या तोंडाशी वर जाणाऱ्यांनी नाव लिहायची वही असते, तीही काढून नेलेली. फक्त तळ्याकाठच्या सहा जागा उघड्या ठेवतात. ज्याला यायचे त्याने यावे, आपले पाणी, आपला कचरा, आपली जबाबदारी. त्या सहांपैकी एका जागेवर ती मोटरहोम उभी होती. जुनी, पिवळट, चाकांखाली नीट ठोकळे लावलेले. पडदे ओढलेले. आजूबाजूच्या गवतावर दव तसेच गोठलेले, त्यावर एकही पाऊल नाही.

मी काचेशी गेलो. रेघांच्या कागदावर मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होते. ती अक्षरे पाहून मी क्षणभर जागीच थांबलो. त्या जंगलात माझ्या आईच्या पत्रांतली लिपी बघायला मिळेल असे कधी वाटले नव्हते.

"आई बाबा, मी वर जातो. काळजी करु नका. सगळ्यासाठी थँक्यू. मी तुमच्यावर प्रेम करतो. चावी चाकावर आहे."

खाली मुलाचे नाव होते. ते इथे लिहीत नाही.

मराठी वाचकाला मला काय वाटले ते समजावून सांगायला नको. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'वर गेला' म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आणि आईबापांना थँक्यू? आमच्या घरात वडिलांचे आभार मानायचे तर ते फक्त मेल्यावर, तेही भटजींच्या सांगण्यावरून. 'मी तुमच्यावर प्रेम करतो' हे वाक्य मी जन्मात कोणाला आईवडिलांशी बोलताना ऐकले नव्हते. वाकडी अक्षरे मला थरथरत्या हाताची वाटली.

केअरटेकर शेजारी उभा होता. "रशियनच ना?" त्याने विचारले. मी नाही म्हटले. त्याची थोडी निराशा झाली असावी. त्याने सांगितले की मुलगा एकोणीस-वीसचा, शांत. सोमवारी आला. रोज सकाळी हात हलवायचा. गुरुवारी दिसला नाही, आजही नाही.

चाकावर चावी होती. मी दार उघडून आत गेलो आणि आपल्याकडे ज्याला पंचनामा म्हणतात तसा करायला घेतला. अंथरूण घडी घातलेले. हीटर बंद, गॅसची टाकी बंद. टेबलावर पाकीट, त्यात ड्रायव्हिंग लायसन्स आणि कॉलेजचे ओळखपत्र. फ्रिजमध्ये अर्धा पाव आणि लोणच्याची बाटली. एकेक वस्तू वहीत उतरवली. मग तळ्याच्या धक्क्यावर गेलो. तिथे फळीच्या टोकाला एक जोड रबरी चपला होत्या, शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेल्या, तोंड पाण्याकडे.

मी वायरलेसवर सार्जंटला सांगितले की ही आत्महत्येची चिठ्ठी वाटते, माणसे आणि होडी पाठवा.

"काय लिहिलंय? शब्द सांग," तो म्हणाला.

"शब्द सांगून कळणार नाही," मी म्हटले. "आमच्या भाषेत याचा अर्थ एकच होतो."

मग तो म्हणाला, "ठीक आहे. संध्याकाळी बर्फ पडणार आहे. निघतो."

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. त्याने शब्द मागितले होते. मी त्याला अर्थ दिला.

गाडीच्या नंबरवरून मालक सिअ‍ॅटलशेजारच्या बेलव्ह्यूचा निघाला. डिस्पॅचच्या बाईंनी फोन करून मुलाच्या आईवडिलांना बोलावून घेतले. साडेदहापर्यंत सार्जंट, होडी आणि गावातले सात-आठ स्वयंसेवक पोहोचले. लाकडाच्या गिरणीतले कामगार, दुकानदार, शाळेचा बस ड्रायव्हर. कोणीही कुरकुर केली नाही. होडीतून दोराला बांधलेले लोखंडी गळ टाकून तळे तपासायला सुरुवात झाली. काही जण काठाने फिरले, काही जण खालच्या घळीत उतरले. पाणी इतके थंड होते की दोर ओढणाऱ्यांची बोटे वळेनाशी झाली. दर वेळी गळ जड लागला की सगळे दोराला हात घालायचे, आणि ओंडका वर आला की तो काठावर टाकून परत गळ सोडायचे. मी काठावर उभा राहून वेळा लिहीत होतो. मनात एकच विचार. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या काउंट्या सोडून, ही चिठ्ठी मला वाचावी लागावी.

दीड वाजता आईवडील आले. वडील इंजिनियर, पन्नाशीच्या जवळ, टाय तसाच, ऑफिसातून उठून आलेले. आई एका ऑफिसात काम करायची. अंगात स्वेटरवर कोट, हातात थर्मास. वडिलांनी माझ्या वर्दीवरचे आडनाव वाचले.

"तुम्ही मराठी?" त्यांनी विचारले. "इथे?"

"हो काका," मी म्हटले. तोंडातून गेले. सार्जंट शेजारीच होता. त्याने विचारले, काका म्हणजे काय? मी म्हटले, वडिलांचा भाऊ. तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुझा चुलता आहे? मग केस तुझ्याकडून काढून घ्यावी लागेल." आमच्यात वयाने मोठा असलेला कोणीही काका असतो, हे त्याला पटवण्यात दोन मिनिटे गेली. तेवढ्यापुरते का होईना, काकांच्या तोंडावर हसल्यासारखे काहीतरी आले.

काचेवरून काढून ठेवलेली चिठ्ठी दाखवताना मी एक निर्णय घेतला. ती वडिलांना दाखवायची, आईला नाही. काकूंना मी मोटरहोममध्ये बसवले आणि सांगितले की तपास चालू आहे. त्यांना ते वाचून सोसवणार नाही असे मला वाटले. हे वागणे मला त्या वेळी माणुसकीचे वाटले होते.

वडिलांनी चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढला. मी त्यांचा जबाब घ्यायला सुरुवात केली. मुलगा कसा आहे? छान आहे. अभ्यास? उत्तम. घरात काही वाद? नाही, वाद कसला. सुट्टीच्या आठवड्यात हिच्याकडून फॅमिलीची मोटरहोम मागून घेतली, उद्या आम्ही येऊन ती हिवाळ्यापुरती घरी नेणार होतो, एवढेच. सगळी उत्तरे तयार होती. चौकशीत मी एवढे शिकलो होतो की ज्या घरात काहीच वाद नाही असे सांगतात तिथे शेवटचा वाद ताजा असतो. मी वही मिटली. माझ्याबद्दल सांगितले. वडील फिटर, मी घरात पहिला कॉलेजात जाणारा, आणि गेल्या टर्मला गणितात नापास झालो ते अजून घरी सांगितलेले नाही. ते खरेच होते. मी काही युक्ती म्हणून सांगितले नव्हते, पण त्यांनी मान खाली घातली.

"मेडिकलला जायचं ठरलं होतं," ते म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी फोन आला. म्हणाला, सोडलं. फॉरेस्ट्री घेतली. झाडं शिकणार." मग म्हणाले, "मी म्हटलं, मग झाडांकडेच राहा. घरी येऊ नकोस. ही तर सगळी माझ्याच वाक्यांची उत्तरं आहेत हो. मी म्हटलं घरी येऊ नकोस, तो लिहितो मी जातो."

त्यांना आणखी काही विचारण्यासारखे राहिले नाही. माझ्या दृष्टीने केस पुरी झाली होती. फक्त सापडायचे बाकी होते. मी सार्जंटला तसे सांगितले आणि त्याने तळ्याची दुसरी बाजू धरायला सांगितली. डोंगराचे माथे तोवर ढगात गेले होते.

मोटरहोमचे दार उघडले आणि काकू पायरी उतरून माझ्यापर्यंत आल्या. खिडकीतून त्यांनी आमच्या हातातला कागद बघितला असावा.

"काय रे, तुझं नाव काय ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण माझ्या मुलाने मला काहीतरी लिहिलंय आणि ते इथल्या सगळ्या पुरुषांनी वाचलंय. मी सोडून."

मी म्हटले, काकू, तुम्ही नका वाचू.

"वरती पहिलं नाव कोणाचं आहे?"

"आईचं."

"मग दे."

मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती हातभर लांब धरून वाचली, परत वाचली. मी त्यांच्या शेजारी सरकलो, पडल्या तर धरता याव्यात म्हणून. त्या पडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बघितले.

"तुम्ही हे काय समजून बसलात?"

काकांनी माझ्याकडे बघितले. मीच हळू आवाजात सांगितले, वर जातो असे लिहिले आहे.

"अरे, वर म्हणजे वर!" त्या म्हणाल्या. त्या दिवसात मोठ्याने बोललेले हे पहिले वाक्य असावे. "आमच्या घराला जिना आहे. जन्मापासून तो माझ्या तोंडून एवढंच ऐकतोय. वर जा, अभ्यास कर. वर जा, खोली आवर. वर गेला म्हणजे माणूस मेला, हे त्याला कोणी शिकवलं? आमच्याकडे वर गेला म्हणजे रूममध्ये गेला. आणि 'जातो' नको, 'येतो' म्हणावं, हे शंभर वेळा सांगून झालंय. बाय म्हणून निघतो." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "हे मराठी नाहीच. तू इंग्रजीत वाच. शब्दाला शब्द."

मी वाचले. सार्जंटला ऐकू जाईल असे. आय अ‍ॅम गोइंग अप. डोन्ट वरी. थँक्स फॉर एव्हरीथिंग. आय लव्ह यू.

सार्जंटने टोपी मागे सरकवली. "हे तर माझी मुलगी दर रविवारी फोनवर म्हणते," तो म्हणाला. आणि मग, अगदी सावकाश, "सकाळी मी शब्दच मागितले होते, कॉलेज."

तरी मी चपलांचे काढले. धक्क्यावर चपला सापडल्यात, असे म्हटले.

"नळ बंद आहेत ना इथले?" काकू म्हणाल्या. "पाणी काढायला उतरला असेल. ओल्या चपला वाळत ठेवतो तो, घरीसुद्धा. चपला सापडल्या म्हणतोस, मग बूट कुठे आहेत?"

मी वही उघडली. सापडलेल्या वस्तूंची यादी होती, अंथरुणापासून लोणच्यापर्यंत. बूट नव्हते. काकू आत गेल्या, कपाटे उघडल्याचा आवाज आला, आणि दारातूनच त्यांनी सांगितले, "माझा स्टीलचा डबा नाही. थालीपिठं आणि लाडू दिले होते. जीव द्यायला निघालेला माणूस डबा घेऊन जाईल?"

केअरटेकर इतका वेळ लांब उभा होता. तो म्हणाला, वर म्हणत असाल तर वर एकच जागा आहे. वणव्यावर नजर ठेवायची जुनी लाकडी चौकी, पाच मैल चढ. मुलाने त्याला सोमवारी विचारले होते की तिथे झोपता येते का. हे तू आधी का नाही सांगितलेस, असे मी विचारले. तो म्हणाला, "तुम्ही तळ्याबद्दल विचारलंत."

सार्जंटने घड्याळ बघितले. मुलगा बहुधा चौकीत बसून लाडू खात असेल, असे कोणीतरी म्हणाले. तसेच असेल, तो म्हणाला, पण माणसे इथे आहेतच, बर्फ येतोय, आणि पोरगा वर आहे. खाली आणू. अडीचच्या सुमारास आम्ही पाच जण स्ट्रेचर घेऊन पायवाटेला लागलो.

दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवायची, मग सगळ्यांनी थांबून ऐकायचे, अशी पद्धत असते. पहिला तासभर काही नाही. मग बर्फाचे बारीक कण पडायला लागले. त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या शिट्टीला मला एक आवाज आला. टण. मग परत, टण टण. बस ड्रायव्हर म्हणाला, घंटा आहे का कसली? त्याला ते कळण्यासारखे नव्हते. मला कळले. ज्या घरात मी वाढलो त्या घरात तो आवाज रोज यायचा. दगडाने का होईना, कोणीतरी स्टीलचा डबा वाजवत होते. मी धावलो. बाकीचे मागून आले.

मुलगा ओढ्याच्या पलीकडे एका मोठ्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता. गुरुवारी सकाळी चढताना ओल्या ओंडक्यावरून घसरला होता. घोटा मोडला होता. स्लीपिंग बॅग ओढ्यात पडून भिजलेली, म्हणून प्लास्टिकच्या तुकड्यात स्वतःला गुंडाळून एक रात्र काढली होती. ओठ निळे, दात वाजत होते, पण डोळे उघडे. मी मराठीत म्हटले, घाबरू नकोस, खाली आईबाबा आहेत. त्याने माझ्याकडे, माझ्या वर्दीकडे बघितले, आणि त्याला हे सगळे खरे वाटेना असे दिसले.

"बट आय लेफ्ट अ नोट," तो म्हणाला.

म्हटले, हो रे बाबा, ती मिळाली.

खाली आणताना तो तुटक बोलत राहिला, आणि आम्हीही त्याला बोलते ठेवले. शनिवारी दुपारी आईवडील यायच्या आत तो खाली उतरणार होता. उशीर झालाच तर म्हणून चिठ्ठी. मराठीत का लिहिलीस, असे मी विचारले. कारण चावी कुठे आहे ते चोरांना कळू नये. इथे ते कोणालाच वाचता येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. हिशेब जवळजवळ बरोबर होता. साऱ्या काउंटीत ते वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याने ते चुकीचे वाचले.

अंधार पडायच्या बेताला आम्ही खाली पोहोचलो. जमीन पांढरी झाली होती. अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. काकू स्ट्रेचरपाशी आल्या, त्यांनी मुलाच्या गालाला हात लावला आणि थर्मासचे झाकण उघडायला लागल्या. ते उघडेना. सार्जंटने त्यांच्या हातून थर्मास घेतला, उघडला, आणि परत दिला. काका दोन पावले मागे उभे होते. मला वाटले आता रडतील. ते पुढे आले, मुलाच्या सुजलेल्या पायाकडे बघितले.

"फॉरेस्ट्रीत पाय मोडतात," ते म्हणाले, "हे प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलंय का?"

मुलगा हसायला लागला आणि हसता हसता रडला. काकांनी अंगातला कोट काढून त्याच्यावर घातला. ब्लँकेटे तीन होती, कोटाची काही गरज नव्हती.

पुढे त्या मुलाने झाडेच शिकली. घोटा बरा झाला. हे मला काकूंच्या पत्रांतून कळत राहिले.

रिपोर्ट मला लिहायचा होता. सार्जंट म्हणाला, तुझी चूक लिहायची की नाही ते तू ठरव, कॉलेजात काय शिकवतात बघू. मी लिहिली. चिठ्ठी शब्दशः भाषांतरित न केल्याने शोध सुमारे चार तास चुकीच्या जागी चालला, असे सरळ लिहिले. त्याने वाचून खाली सही केली आणि एवढेच म्हणाला, की सकाळी शब्द बरोबर सांगितले असतेस तर मी कोणालाच पाठवले नसते. पोरगा डोंगर चढायला गेलाय, उद्या येईल, असे म्हणून तुला परत बोलावले असते.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला अजूनही त्याचे नीट उत्तर सापडलेले नाही. माझ्या चुकीमुळे माणसे तिथे होती, हे खरे. पण चुकीचे श्रेय घेऊ नये असे मला वाटते. त्या दिवशी नशीब आमच्या बाजूने होते, आणि नशिबावर पोलीस ठाणे चालवता येत नाही. मला जे शिकता आले ते फार थोडे आहे. त्यानंतर मी कोणत्याही जागेची यादी केली की तिच्याखाली एक रेघ मारायचो आणि लिहायचो, 'काय नाही'. पुढे हाताखाली आलेल्या पोरांनाही ते करायला लावले, त्यांनी नाके मुरडली तरी. आणि ज्याच्या नावाने कागद असेल त्याला तो आधी दाखवायचा. कोणाला काय सोसवेल हे आपण परस्पर ठरवतो, आणि बहुतेक वेळा ज्याला दूर ठेवतो त्यालाच खरे ठाऊक असते. त्या दुपारी उत्तर माझ्यापासून वीस पावलांवर, मोटरहोममध्ये, थर्मास धरून बसले होते.

एक गोष्ट मात्र मी त्या रिपोर्टात लिहिली नाही. अ‍ॅम्ब्युलन्सचे दार लावताना काकूंनी मुलाला दटावले, की या दादाला नीट सांगून निघ. त्याने मान उचलून माझ्याकडे बघितले, आठवून आठवून जुळवले आणि म्हणाला, "येतो." ऐकलेले लिहावे असा नियम होता. पण इंग्रजीत ते कसे लिहावे हे मला सुचले नाही. चाललेला माणूस मी येतो म्हणाला, असे लिहिले असते तर सार्जंटने परत शब्द विचारले असते. म्हणून ती ओळ तेव्हा सोडून दिली. आज इथे लिहितो आहे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. निघताना मुलगा 'येतो' म्हणाला.